ग्रेस हॉपर
ग्रेस ब्रूस्टर मरी हॉपर (९ डिसेंबर, इ.स. १९०६:न्यू यॉर्क, अमेरिका - १ जानेवारी, इ.स. १९९२:आर्लिंग्टन, व्हर्जिनिया) या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ व नौदल अधिकारी होत्या.

त्या काळी प्रत्येक बनावटीच्या संगणकाची यंत्रभाषा निराळी असे. संगणक बदलला की सारी आज्ञावली नव्याने लिहावी लागे. हॉपर यांनी १९५२ साली ए-० हा कंपायलर तयार केला. आजच्या अर्थाने तो तयार उपआज्ञावल्यांची जुळणी करणाराच होता. पुढे त्यांच्या फ्लो-मॅटिक भाषेचा कोबोलवर मोठा प्रभाव पडला. डिसेंबर १९६०मध्ये एकच कोबोल आज्ञावली आरसीए ५०१ आणि युनिव्हॅक २ या भिन्न संगणकांवर किरकोळ फेरफारांनिशी चालली.

तरीही अडचण सरली नाही. उत्पादकांचे कंपायलर एकमेकांशी जुळत नसत. भाषेचे नाव एक, पण एकाकडे चालणारी आज्ञावली दुसऱ्याकडे अडे. १९६६ साली निवृत्त झालेल्या हॉपर यांना नौदलाने १९६७ साली भाषांच्या प्रमाणीकरणासाठी सहा महिन्यांकरिता परत बोलावले. कंपायलर प्रमाणाबरहुकूम आहे की नाही, हे पारखणाऱ्या चाचणी-आज्ञावल्या त्यांच्या गटाने रचल्या. कंपायलरच्या शोधाइतकेच हे काम मोलाचे, पण त्याचा उल्लेख क्वचितच होतो. अखेर १९८६ साली, वयाच्या ७९व्या वर्षी, त्या रिअर ॲडमिरल पदावरून निवृत्त झाल्या.