कच्चे मडके : श्रीसंत नामदेव महाराजांची आत्मसाधना

शके ११९२ मधील कार्तिक शुद्ध एकादशीस, म्हणजे इ. स. १२७० साली, दामाशेटी व गोणाई या शिंपी दांपत्याच्या पोटी श्रीनामदेव महाराजांचा जन्म झाला. घराण्याचे मूळ गाव आजच्या हिंगोली जिल्ह्यातील नरसी. महाराजांचे वास्तव्य मात्र पंढरपुरी. बाळ नामदेवाच्या हातचा नैवेद्य विठ्ठलाने ग्रहण केला ही कथा आपल्या घराघरांतील मुलांना ठाऊक आहे, म्हणून तिचा विस्तार करीत नाही.

प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो निराळ्याच प्रसंगाचा. तेरढोकी येथे गोरोबाकाकांच्या घरी संतमेळा जमला होता. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव, मुक्ताबाई अशी थोर मंडळी बसली होती. मुक्ताबाईंनी गोरोबांना कुंभाराचे थापटणे दाखवून विचारले, याने काय करतात? मडके भाजले आहे की कच्चे राहिले आहे ते कळते, असे उत्तर मिळताच या जमलेल्या मडक्यांचीही परीक्षा व्हावी, असे त्यांनी सुचविले. गोरोबा प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणे मारीत चालले. इतर सर्व शांत बसून राहिले; नामदेव तेवढे रागावले. गोरोबांनी निर्णय दिला की, हे एवढे मडके कच्चे आहे.

आपल्या ज्ञातीतील काही वडीलधाऱ्यांचे मत असे की, ही कथा जयंतीच्या सभेत सांगू नये. तीत आपल्या कुलपुरुषाचा उपमर्द होतो. प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. किंबहुना हा प्रसंग वगळला तर महाराजांच्या चरित्रात चमत्कार तेवढे उरतील आणि साधकाच्या वाटचालीचा मागच नाहीसा होईल.

शंका अशी येते की, ज्याच्याशी देव बोलत असे, ज्याच्या हातून देव जेवत असे, त्याच्या ठायी उणे ते काय राहिले होते? उणे होते ते हेच की, तो देव विटेवरचा होता व नामदेव त्याचा लाडका होता. देव निराळा, मी निराळा, आणि माझ्यावर त्याचे प्रेम इतरांहून अधिक, ही भावना अत्यंत गोड असली तरी तिच्या पोटी सूक्ष्म अहंकार लपलेला असतो. वेदान्ती लोक आत्म्यास घटातील आकाशाची उपमा देतात. घट लहान असो की मोठा, आतील आकाश व बाहेरील आकाश एकच. परंतु घटाला आपल्या घटपणाचाच अभिमान असेल तर त्याला हे कसे उमगावे? थापटणे बसले ते या अभिमानावर. मुक्ताबाई तर वयाने त्यांच्याहून सुमारे नऊ वर्षांनी लहान. तो घाव अधिकच झोंबला असला पाहिजे.

नामदेव रडत पंढरीस आले. देवाने समजूत घातली खरी, पण गुरू करण्यास सांगून औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे पाठविले. या विसोबांनी एके काळी ज्ञानदेवादी भावंडांचा द्वेष केला होता व पुढे पश्चात्तापाने ते त्यांच्याच मार्गास लागले, असे परंपरा सांगते. मंदिरात पाहतात तो विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले! नामदेवांना संताप आला. तेव्हा विसोबांनी, जेथे देव नसेल तेथे माझे पाय ठेव, असे सुचविले. नामदेव पाय उचलून जेथे जेथे ठेवू लागले तेथे तेथे पिंडी दिसू लागली. हा चमत्कार अक्षरशः खरा मानावा की रूपक समजावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. बोध एकच, की आत्मतत्त्व सर्वत्र भरलेले आहे.

हा बोध केवळ बुद्धीत राहिला नाही. कुत्र्याने कोरडी भाकरी पळविली तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या पाठीमागे धावले, ही कथा त्यानंतरची. त्यांनी विठ्ठल सोडला नाही, घरही सोडले नाही. गोणाई व राजाई यांची प्रापंचिक गाऱ्हाणी अभंगांतून आजही वाचावयास मिळतात. घरात पैसा नाही आणि कर्ता पुरुष भजनात दंग, हे त्या माउलींचे दुःख खोटे नव्हते. परंतु त्याच घरात दासी जनाबाईही संतपदास पोहोचली.

इ. स. १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली. आदि, तीर्थावळी व समाधी या प्रकरणांतून नामदेवांनी त्यांचे चरित्र गायिले. पुढे ते उत्तरेत गेले. पंजाबातील गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे दीर्घ वास्तव्य झाले. श्रीगुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. त्यांतील एका पदात शिंप्याचा गज, कातर, सुई व दोरा हे सारे साहित्य नामस्मरणाच्या कामी लागले आहे. धंद्याची लाज न बाळगता त्याच हत्यारांनी परमार्थ सांगणारा हा पुरुष! २०१५ साली घुमान येथे ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा महाराष्ट्रातील अनेकांस त्या गावाचे नाव प्रथमच कळले, ही खेदाची गोष्ट होय.

इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले. ढिगाऱ्यातील अस्थींतून नामघोष ऐकून नामदेवांनी त्या ओळखल्या व पंढरीस आणून महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली, अशी परंपरा आहे. ज्याला कुत्र्यात देव दिसला त्याला चोखोबात दिसणे कठीण नव्हते. कठीण होते ते इतरांना. चोखोबांच्या वंशजांना त्या महाद्वारातून आत जाण्यास १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण आरंभावे लागले.

शके १२७२, आषाढ वद्य त्रयोदशीस, इ. स. १३५० मध्ये, महाराजांनी देह ठेवला. घुमानचे भक्त ते स्थान आपल्याकडे मानतात. आपली वारकरी परंपरा सांगते की पंढरीच्या महाद्वारी, परिवारासह, पायरीखाली. संतांच्या पायांची धूळ मस्तकी पडावी म्हणून ती जागा त्यांनी मागून घेतली होती. परंतु वारकरी त्या पायरीवर पाय ठेवीत नाहीत. वाकून हात लावतात, तो कपाळी नेतात आणि पायरी ओलांडून आत जातात.