तीन ऑलिंपिक फायनल, समोर पाकिस्तान आणि गोल फक्त एक : मराठा लाइट इन्फन्ट्रीचा गोलकीपर

ठाणे-डोंबिवलीत आता जिकडेतिकडे टर्फ झालेत. रविवारी रात्री वर्गणी काढून पोरं तासभर फुटबॉल खेळतात, आणि पहिला वाद ठरलेला असतो, गोलमध्ये कोण उभं राहणार? शेवटी जो उशिरा येतो किंवा ज्याला पळवत नाही, त्याला तिकडे ढकलतात. गोलकीपर व्हायला कुणी हौसेनं तयार होत नाही.

आज ज्यांच्याबद्दल सांगायचंय ते शंकर लक्ष्मणही सुरुवातीला गोलकीपर नव्हते. ते फुटबॉल खेळायचे, तेही डिफेन्समध्ये. पुढे ते हॉकीच्या गोलमध्ये उभे राहिले आणि तीन ऑलिंपिक फायनल खेळले. 1956, 1960 आणि 1964. तिन्ही वेळा समोर पाकिस्तान होता. या तीन सामन्यांत मिळून त्यांच्यावर गोल झाला फक्त एक.

नाव ऐकून अनेकांना ते मराठी वाटतात. त्यात ते मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, म्हणजे ज्या रेजिमेंटचं केंद्र बेळगावात आहे आणि जिच्यात महाराष्ट्रातली हजारो पोरं भरती होतात, त्या रेजिमेंटचे. पण घराणं शेखावत. जन्म 7 जुलै 1933 चा, महूचा. इंदूरपासून वीसेक किलोमीटरवरची ही लष्करी छावणी आपल्याला माहिती आहे ती बाबासाहेब आंबेडकरांचं जन्मगाव म्हणून. बाबासाहेबांचे वडील लष्करात होते, म्हणून त्यांचा जन्म तिथला. छावणीच्या गावात पोराला पोटापाण्याची वाट दिसायची तीही लष्कराचीच. महूजवळच्या कोदरिया गावात फुटबॉल खेळणारा शंकर 1947 मध्ये लष्कराच्या बँडमध्ये दाखल झाला. वय जेमतेम 14.

हॉकी त्यांना लष्करानं दिली. त्या काळात हॉकी हौशी खेळ होता, मैदानातून कमाई शून्य. आजच्या फुटबॉल गोलकीपरसारखे करार, लिलाव, जाहिराती असलं काही नव्हतं. पगार द्यायची ती रेजिमेंट. रेल्वे, पोलीस आणि सेना या तीन नोकऱ्यांवरच भारतीय हॉकी उभी होती म्हणा ना. लक्ष्मण मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पाचव्या बटालियनचे.

आता त्या काळी हॉकीचा गोलकीपर म्हणजे काय, हे समजून घ्यायला हवं. हॉकीचा गोल 12 फूट रुंद आणि 7 फूट उंच, म्हणजे रुंदीला फुटबॉलच्या गोलच्या निम्मा. पण चेंडू क्रिकेटच्या चेंडूसारखा टणक. पेनल्टी कॉर्नरला तो पंधरा-सोळा यार्डांवरून सुसाट येतो. आज गोलकीपर हेल्मेट, छातीचं चिलखत, जाड फोमचे पॅड घालून उभा राहतो. लक्ष्मण यांच्या वेळी डोक्याला काही नाही, तोंडाला काही नाही. पायाला पॅड, हातात ग्लोव्हज आणि स्टिक. मैदान गवताचं, त्यामुळे चेंडू कुठे उसळेल याचा भरवसा नाही. अशा वेळी डोळे मिटायची सवय असलेला माणूस तिथं टिकलाच नसता.

1956 ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारतानं पाच सामन्यांत 38 गोल केले आणि एकही खाल्ला नाही. अफगाणिस्तानवर 14, अमेरिकेवर 16. अशा सामन्यांत गोलकीपर जवळजवळ प्रेक्षकच असतो. पण सेमीफायनलला जर्मनीविरुद्ध 1-0, फायनलला पाकिस्तानविरुद्ध 1-0. फायनलमध्ये रणधीरसिंग जेंटल यांनी पेनल्टी कॉर्नरवर गोल केला आणि उरलेला वेळ ती एका गोलची आघाडी राखायची होती. ती राखली गेली. भारताचं हे सलग सहावं सुवर्ण.

मग आलं रोम. 1928 पासून भारत ऑलिंपिक हॉकीत हरलेलाच नव्हता. 9 सप्टेंबर 1960 ला पाकिस्तानच्या नसीर बुंदा यांनी पहिल्या हाफमध्ये गोल केला. भारताला बरोबरी साधता आली नाही. 0-1. बत्तीस वर्षांची सत्ता एका चेंडूत गेली.

खरं तर हरण्याचं कारण गोल न करू शकलेली फॉरवर्ड फळीही असते. पण स्कोअरकार्डवर जे दिसतं तेच लोकांच्या लक्षात राहतं, आणि तिथं दिसतो तो गोलकीपरला चुकवून गेलेला चेंडू. माझ्या मते लक्ष्मण यांचं मोठेपण रोमनंतरच्या चार वर्षांत आहे. 1958 च्या आशियाई स्पर्धेत गोलसरासरीवर रौप्य, 1960 ला रौप्य, 1962 ला जकार्तामध्ये पुन्हा पाकिस्तानकडून हार आणि पुन्हा रौप्य. इतकं सगळं पाठीशी घेऊन माणूस परत त्याच जागी उभा राहतो, यासाठी वेगळंच काळीज लागतं.

टोकियो, 1964. कॅप्टन चरणजितसिंग. सुरुवात काही फार बरी नव्हती, जर्मनी आणि स्पेनशी 1-1 अशी बरोबरी झाली होती. तरी संघ फायनलला पोचला आणि 23 ऑक्टोबरला समोर पुन्हा पाकिस्तान. पहिल्या हाफमध्ये गोल नाही. दुसऱ्या हाफमध्ये भारताला पेनल्टी कॉर्नर मिळाला. पृथीपालसिंग यांचा फटका गोललाइनवर पाकिस्तानच्या मुनीर दार यांच्या पायाला लागला. पेनल्टी स्ट्रोक. मोहिंदर लाल यांनी तो मारला आणि 1-0.

इथून पुढचा सामना लक्ष्मण यांचा आहे. पाकिस्ताननं उरलेल्या वेळात सगळं काही गोलवर ओतलं, एकामागून एक हल्ले, पेनल्टी कॉर्नर. लक्ष्मण पॅडनं, हातानं, स्टिकनं अडवत राहिले. शिट्टी वाजली तेव्हा स्कोअर तोच होता. भारतीय हॉकीचे जाणकार आजही गोलकीपिंगच्या थोर कामगिऱ्यांत टोकियोची फायनल मोजतात. पण सुवर्ण आठवताना बहुतेकांच्या तोंडी येतं ते मोहिंदर लाल यांचं नाव. गोल मोजता येतो, न झालेला गोल कसा मोजणार?

सरकारनं मात्र तो मोजला. 1964 चा अर्जुन पुरस्कार आणि 1967 ला पद्मश्री. त्याच्या आधी, 1966 ला, बँकॉकच्या आशियाई स्पर्धेसाठी लक्ष्मण कॅप्टन झाले. गोलकीपरनं राष्ट्रीय संघाचं नेतृत्व करणं तेव्हा हॉकीत न ऐकलेली गोष्ट होती. मैदानाच्या एका टोकाला उभा असलेला माणूस संघ कसा चालवणार, अशी समजूत. फायनल अर्थातच पाकिस्तानशी. सामना एक्स्ट्रा टाइममध्ये गेला आणि भारत 1-0 जिंकला. आशियाई स्पर्धेतलं हॉकीचं आपलं हे पहिलं सुवर्ण.

दोन वर्षांनी मेक्सिको ऑलिंपिकच्या संघात त्यांचं नाव नव्हतं. लक्ष्मण हॉकीतून बाजूला झाले. लष्करातली नोकरी मात्र चालू राहिली आणि 1979 ला ते कॅप्टनच्या हुद्द्यावर निवृत्त झाले. बँडमध्ये आलेल्या पोरानं बत्तीस वर्षांत गाठलेला हा हुद्दा.

निवृत्तीनंतर ते महूला परतले. त्यांची पिढी अशी की खेळातून घरात आलं ते पदकं आणि प्रमाणपत्रं. उतारवयात एका पायाला गँगरीन झालं. डॉक्टरांनी पाय कापण्याचा सल्ला दिला. लक्ष्मण यांनी तो मानला नाही, निसर्गोपचार सुरू ठेवले. घरची परिस्थिती बेताची होती आणि तीन ऑलिंपिक पदकं मिळवलेला खेळाडू अशा हालाखीत आहे, अशा बातम्या त्या दिवसांत पेपरात येत होत्या.

29 एप्रिल 2006 ला महूमध्येच ते गेले. वय 72. अंत्यसंस्कार लष्करी इतमामात झाले.