सुंदरलाल होरा

शिरपूरच्या उत्तरेस सातपुडा दिसतो. ह्या डोंगरांतून पूर्वी मासे प्रवास करीत गेले, असे कोणी म्हटले तर नवल वाटेल! सुंदरलाल होरा ह्यांनी तसे म्हटले. त्यांचा जन्म १८९६ साली पंजाबात हाफिजाबाद येथे झाला. लाहोरास शिकून ते कलकत्त्याच्या प्राणिसर्वेक्षण खात्यात गेले व १९४७ साली त्याचे संचालक झाले. खळाळत्या ओढ्यांत खडकास चिकटून राहणारे चपटे मासे त्यांनी बारकाईने अभ्यासले. पूर्व हिमालयातील माशांचे आप्त दूर सह्याद्रीत आढळतात. मधल्या मुलखात मात्र नाहीत. एके काळी विंध्य-सातपुडा अधिक उंच व ओलसर असावा आणि तेथील ओढ्यांतून मासे पश्चिमेस सरकले असावेत, असे होरांनी सुचविले. आज अनेक शास्त्रज्ञांस हे मत पटत नाही. परंतु कोणता मासा कोठे आढळतो, ह्याच्या होरांनी केलेल्या नोंदी ते अजून चाळतात. १९५५ साली होरा निवर्तले.