लेकीसाठी गायली, अख्खा देश नाचला

मैत्रिणींनो, तुमच्या घरातली कॉलेजातली पोरं कानात इअरफोन खुपसून काय ऐकतात, कधी विचारलंय का? हिंदी-मराठी तर ऐकतातच. आपल्या देगलूरला तेलंगणाची हद्द जवळ, त्यामुळे तेलुगू गाण्यांचंही नवल नाही. पण आता त्यात जपानी गाणीही आलीत! 'योआसोबी' नावाच्या जोडीचं 'आयडॉल' हे गाणं २०२३ च्या एप्रिलमध्ये आलं आणि जगभरच्या तरुण पोरांनी ते डोक्यावर घेतलं. एका जपानी कार्टून मालिकेचं ते सुरुवातीचं गाणं. मालिकेची गोष्ट अशी, की एक सोळा वर्षांची लाडकी गायिका, तिला लग्नाविना जुळी लेकरं होतात. ती लेकरं जगापासून लपवून, चेहऱ्यावर हसू ठेवून ती गात-नाचत राहते. कळलं तर चाहते पाठ फिरवतील ना!

ही झाली कार्टूनमधली. पण याच जपानमध्ये पंचाहत्तरहून जास्त वर्षांपूर्वी एक खरीखुरी गायिका होती. तिलाही लग्नाविना लेक झाली. तिने मात्र ती लपवली नाही. आणि गंमत म्हणजे चाहत्यांनी पाठ फिरवली नाहीच, उलट तिला डोक्यावर घेऊन नाचले. शिझुको कासागी तिचं नाव. जपानी लोक तिला बूगीची राणी म्हणत.

शिझुकोचा जन्म २५ ऑगस्ट १९१४ चा, कागावा नावाच्या प्रांतातल्या एका लहान गावातला. जन्म देणाऱ्या आईचं लग्न झालेलं नव्हतं. मुलाच्या घरच्यांनी तिला सून म्हणून घेतलं नाही. वडील लवकर वारले. आईला दूध पुरेना. त्याच गावात उमे नावाची एक बाई ओसाकाहून माहेरी बाळंतपणाला आली होती. (माहेरी बाळंतपण ही पद्धत त्यांच्याकडेही आहे बरं का!) तिने या तान्हीला आपलं दूध पाजलं, आणि पाजता पाजता जीव असा लागला, की सासरी परत जाताना तिला आपली लेक म्हणूनच घेऊन गेली. आपण कोणाच्या पोटची, हे शिझुकोला पुढे वयात आल्यावर कळलं.

ओसाकात या घरचा धंदा होता सार्वजनिक न्हाणीघराचा. पैसे देऊन गरम पाण्यानं अंघोळ करायची जागा, तिथे सगळा मोहल्ला जमायचा. पोरगी तिथेच गिऱ्हाइकांपुढे गायची, नाचायची. पुढे ताकाराझुका या मुलींच्या प्रसिद्ध नाट्यसंस्थेत गेली, तर ठेंगणी आणि किरकोळ म्हणून तिला नापास केलं. ते साल १९२७. पोरगी रडत बसली नाही. शोचिकु नावाच्या दुसऱ्या कंपनीच्या दारात जाऊन हट्टानं आत शिरली.

१९३८ साली ती टोकियोला आली आणि तिथे तिला र्‍योइची हात्तोरी हे संगीतकार भेटले. अमेरिकन जॅझचे नादी. हिचा आवाज गोड-गोड नव्हता, खडा होता, आणि अंगात पारा. स्टेजवर ही एका जागी उभीच राहायची नाही. हात्तोरींना नेमकी अशीच बाई हवी होती.

पण लगेच युद्धाचे दिवस आले. अमेरिका शत्रू, म्हणजे तिचं संगीतही शत्रूचं! पोलिसांनी शिझुकोला बजावलं, माइकभोवतीच्या तीन फुटांच्या चौकोनातच उभं राहून गायचं, पाय हलवायचे नाहीत, पापण्यांचे खोटे केसही लावायचे नाहीत. जिचा जीव पायात, तिला पाय हलवायची बंदी. सांभाळणारी आई १९३९ मध्येच गेली होती. धाकटा भाऊ युद्धात मारला गेला. टोकियोतलं बिऱ्हाड बॉम्बहल्ल्यात जळालं.

या सगळ्या जाळपोळीत एक गोड गोष्ट घडली. १९४३ मध्ये तिला एइसुके योशिमोतो भेटला. कॉलेजात शिकणारा, तिच्याहून नऊ वर्षांनी लहान! मोठ्या घरचा एकुलता वारस. त्याची आई सेइ ही साधी बाई नव्हती. नवऱ्यासोबत नाटकगृहाचा धंदा सुरू करून, नवरा १९२४ मध्ये गेल्यावर तो एकटीनं वाढवणारी कर्तबगार विधवा. योशिमोतो कंपनी आजही जपानमध्ये विनोदी कलाकारांची सगळ्यात मोठी कंपनी मानली जाते. तिच्या धंद्याची सगळी कमाई कलाकारांच्या जिवावर, पण स्टेजवर नाचणारी सून मात्र तिला नको होती. आपल्याकडेही तेच. तमाशाला शिट्ट्या मारायच्या आणि तमाशातली बाई घरात नको!

लग्नाची वाट बघता बघता दिवस गेले. १९४७ च्या सुरुवातीला पोटुशी असतानाच ती 'जॅझ कारमेन' या संगीत नाटकात काम करत होती. एइसुके ओसाकाला गेला तो क्षयानं अंथरुणाला खिळला. १९ मे १९४७ ला तो वारला. त्यानंतर तेराव्या दिवशी, १ जूनला, लेक जन्मली. बापाच्या नावातलं 'एइ' हे अक्षर लेकीच्या नावात घातलं. शिझुको तेव्हा बत्तीस वर्षांची. नवरा नाही म्हणून विधवाही म्हणवून घेता येईना. आपल्या जन्माची गोष्ट आपल्या लेकीच्या वाट्याला पुन्हा आलेली पाहून तिला काय वाटलं असेल, हे आपण बायकांना कळायला फार सांगावं लागत नाही.

काम तर करायलाच हवं होतं. ती हात्तोरींकडे गेली. हात्तोरी एकदा लोकल गाडीनं घरी चालले होते. गाडीच्या खडखडाटात त्यांना एक ताल सापडला. विसरू नये म्हणून मधल्याच स्टेशनवर उतरून एका हॉटेलात त्यांनी तो कागदाच्या रुमालावर उतरवून घेतला. तेच 'टोकियो बूगी-वूगी'. बूगी म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या वादकांनी पियानोवर घडवलेला उड्या मारणारा ताल. त्यावर बसून राहता येतच नाही. रेकॉर्डिंग झालं १० सप्टेंबर १९४७ ला. लेक तेव्हा सव्वातीन महिन्यांची होती. स्टुडिओत अमेरिकन सैनिकांची गर्दी जमली होती आणि ऐकता ऐकता तेही डोलायला लागले.

१९४८ च्या जानेवारीत तबकडी बाजारात आली आणि जपान खुळावला. शहरं जळालेली, पोटाला रेशन पुरत नाही, आणि पोरं-पोरी रस्त्यावर बूगी नाचताहेत! शिझुको स्टेजभर धावायची, उड्या मारायची. तो तीन फुटांचा चौकोन तिने पार मोडून टाकला. आणि दोन खेळांच्या मध्ये, आतल्या खोलीत, घामानं भिजलेल्या अंगानं ती लेकीला पाजायला बसायची. त्याच वर्षी तिचं आत्मचरित्र निघालं. झाकपाक अशी नाहीच. तान्ह्या लेकराला घेऊन कमावणारी बिनलग्नाची आई ही तिची ओळख सगळ्या जपानला ठाऊक होती. पोटासाठी रात्री रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या टोकियोतल्या बायका तिच्या खेळाला घोळक्यानं यायच्या, फुलांचे गुच्छ द्यायच्या. शिझुको त्यांना टाळायची नाही.

तेव्हा आपलं देगलूर निजामाच्या राज्यात होतं. रझाकारांच्या धास्तीनं माणसं गाव सोडून जात होती, आणि सुटका व्हायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडायचा होता. इथे कोणाला कुठली बूगी ऐकू येणार! मुंबईकडे मात्र आपले पुणतांब्याचे सी. रामचंद्र याच सुमारास, १९४७ च्या 'शहनाई'मध्ये, असल्याच विलायती तालावर तरुण पोरांना वेड लावत होते, आणि वडीलधारी नाकं मुरडत होती.

मला स्वतःला शिझुकोचं दुसरं एक गाणं जास्त आवडतं. १९५० सालचं 'काइमोनो बूगी', म्हणजे बाजारहाटाची बूगी. एक बाई सामान आणायला निघते, मासे-भाज्यांची लांबलचक यादी, घाई आणि सगळा गोंधळ. तेही टोकियोच्या शुद्ध भाषेत नाही, ओसाकाच्या ठसक्यात. म्हणजे एखादीनं आपल्या मराठवाडी बोलीत आठवडी बाजाराचं गाणं म्हणावं आणि ते अख्ख्या देशात गाजावं, तसं! त्याच वर्षी ती हात्तोरींबरोबर अमेरिकेत गाऊन आली. लेकीला मागे ठेवूनच जावं लागलं. तिची गाणी म्हणत एक चिमुरडी पोर मोठी झाली, ती पुढे जपानची सगळ्यात मोठी गायिका ठरली, मिसोरा हिबारी.

नाव झालं की त्रासही आला. १९५४ मध्ये लेकीला पळवून नेण्याची धमकी आली. पैसे मागणारा पकडला गेला, पण आईच्या जिवाचं पाणी झालं असणार.

मग एक दिवस तिने गाणं सोडलं. १९५६ च्या ३१ डिसेंबरला जपानच्या सगळ्यात मोठ्या रेडिओ-टीव्हीवरच्या गाण्याच्या कार्यक्रमात शेवटचा मान तिचा होता, आणि त्यानंतर लवकरच तिने जाहीर केलं, की आता फक्त अभिनय. अंग पूर्वीसारखं वळत नाही, मग लोकांनी पाहिलेली शिझुको आपणच कशाला खराब करायची, असा तिचा हिशेब. एवढंच नाही, स्वतः निर्मात्यांकडे जाऊन सांगितलं, की गायिका म्हणून मोठे पैसे घेत होते, पण नटी म्हणून मी नवीन, तेव्हा मला कमी पैसे द्या. कमी पैसे मागणारी नटी तुम्ही कधी ऐकली आहे?

पुढे टीव्हीवर ती आयांची कामं करायची, कुटुंबांच्या गाण्याच्या स्पर्धेत परीक्षक असायची. १९७० नंतरच्या लेकरांना तर ती जाहिरातीतली हसरी मावशीच वाटायची. या बाईच्या गाण्यावर आपल्या आई-बापांनी रस्त्यावर धुमाकूळ घातला होता, हे त्यांना ठाऊक नसायचं. लग्न तिने कधीच केलं नाही. ३० मार्च १९८५ ला, वयाच्या सत्तराव्या वर्षी, बीजकोशाच्या कॅन्सरनं ती गेली. तोवर लेक सदतीस वर्षांची झाली होती.

ऑक्टोबर २०२३ ते मार्च २०२४ या काळात जपानच्या सार्वजनिक टीव्हीवर तिच्या आयुष्यावरची 'बूगी-वूगी' ही मालिका रोज सकाळी लागायची. 'आयडॉल' ऐकणाऱ्या पोरांनी या आजीचं गाणंही तेव्हा ऐकलं. तुमच्या पोरांनाही विचारा, मोबाइलवर 'टोकियो बूगी-वूगी' शोधून देतील. भाकरी थापता थापता ऐका, पाय आपोआप हलतात.