ताकद कमी, नेम पक्का: कर्नल व्हेलन यांनी शिकारी रायफलचे गणित कसे बदलले?

रायफलप्रेमींना कर्नल टाउनसेंड व्हेलन हे नाव माहीत असते ते ‘.३५ व्हेलन’ या दणदणीत काडतुसामुळे. अस्वल, मूस यांसारख्या मोठ्या प्राण्यांसाठी ते बनवले गेले. पण याच अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याने आयुष्यातली कित्येक वर्षे बरोबर उलट प्रश्नावर घालवली. रायफलची ताकद कमी करूनही गोळी नेमक्या जागी कशी लागेल, हा तो प्रश्न. ऐकायला सोपा वाटतो, पण त्यात चूक झाली तर रायफल हातातच फुटू शकते.

कोण होते टाउनसेंड व्हेलन?

व्हेलन यांचा जन्म ६ मार्च १८७७ रोजी फिलाडेल्फियात झाला. वडील डॉक्टर होते. टाउनसेंड १३ वर्षांचे असताना त्यांनी मुलाला .२२ कॅलिबरची रेमिंग्टन रायफल दिली आणि नेमबाजीचा नाद लागला तो कायमचा. १८९५ मध्ये ते पेनसिल्व्हेनिया नॅशनल गार्डमध्ये दाखल झाले. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धानंतर, १९०१ मध्ये, ते सामानाचे घोडे घेऊन कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाच्या जंगलात गेले आणि कित्येक महिने तिथेच राहिले.

१९०२ मध्ये ते नियमित लष्करात अधिकारी झाले. पुढे फिलाडेल्फियातील फ्रँकफर्ड आर्सेनल या दारूगोळा कारखान्याचे प्रमुखपद आणि स्प्रिंगफील्ड आर्मरीत संशोधन-विकासाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. १९३६ मध्ये ते कर्नल म्हणून निवृत्त झाले. म्हणजे जंगलात रायफल वापरणारा आणि कारखान्यात तिचे काडतूस तपासणारा माणूस एकच होता.

कमी ताकदीचे काडतूस कशासाठी?

महिनोन्‌महिने जंगलात राहणाऱ्याला रोज हरीण मिळत नाही. रोजच्या जेवणाला ससा किंवा ग्राउससारखा कोंबडीएवढा पक्षी लागतो. त्याच्यावर मोठ्या शिकारीची गोळी झाडली तर पिसे उरतात, मांस उरत नाही. शिवाय त्या आवाजाने आसपासची मोठी शिकार पळून जाते. दुसरी बंदूक सोबत घ्यावी, तर पाठीवरचे ओझे वाढते.

त्यावरचा उपाय म्हणजे एकच रायफल आणि दोन प्रकारची काडतुसे. मोठ्या शिकारीसाठी पूर्ण ताकदीची आणि स्वयंपाकाच्या भांड्यासाठी कमी ताकदीची. अशी काडतुसे दुकानात सहज मिळत नसत, म्हणून शिकारी ती घरीच भरत. झाडलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी घ्यायची, नवा प्रायमर बसवायचा, मोजून दारू घालायची आणि वर गोळी बसवायची. यालाच हँडलोडिंग म्हणतात. हलक्या काडतुसासाठी बहुतेक वेळा शिशाची ओतीव गोळी वापरली जाई.

लष्करालाही अशा काडतुसांची गरज होती. बंदिस्त जागेतील नेमबाजीच्या सरावासाठी आणि वस्तीजवळ पहारा देणाऱ्या शिपायांसाठी कमी ताकदीची काडतुसे बनवली जात.

दारू कमी केली की काम झाले?

नाही. खरी अडचण तिथूनच सुरू होते. मोठ्या पुंगळीत थोडी दारू घातली की आत बरीच जागा रिकामी राहते. रायफल खाली झुकवली तर दारू गोळीकडे सरकते, वर केली तर प्रायमरकडे. त्यामुळे प्रत्येक वेळी दारू सारखी पेटत नाही. गोळीचा वेग बदलतो आणि वेग बदलला की लक्ष्यावरचे छिद्रही वर-खाली जाते.

दुसरी गोष्ट, शिशाची मऊ गोळी फार वेगाने ढकलली तर नळीतील पिळदार खाचांची पकड सुटते आणि नळीत शिसे साचते. तिसरी गोष्ट, हलके काडतूस लक्ष्यावर वेगळ्याच जागी लागते. गोळी हळू जाते, जास्त खाली येते आणि नळीचे कंपनही बदलते. म्हणून दोन्ही काडतुसांसाठी रायफलच्या नेमाची मांडणी वेगवेगळी तपासून नोंदवून ठेवावी लागते.

व्हेलन यांच्या दृष्टीने रायफलची किंमत अचूकतेवर ठरत असे. एखादी गोळी बरोबर मध्यभागी लागली, याला फारसा अर्थ नसतो. एकाच नेमाने अनेक गोळ्या झाडायच्या आणि छिद्रे एकमेकांपासून किती दूर पडली ते मोजायचे, ही खरी कसोटी. १०० यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरवर, सगळी छिद्रे साधारण १ इंचात बसली तर रायफल आणि काडतुसाची जोडी उत्तम जमली असे मानतात.

धोका नेमका कुठे?

‘कमी दारू म्हणजे जास्त सुरक्षित’ हा समज चुकीचा आहे. सावकाश जळणारी दारू फारच कमी घातली तर नळीतील दाब अचानक धोकादायक पातळीवर जाऊ शकतो. दुसरा धोका विसरभोळेपणाचा. मोठ्या पुंगळीत थोडी दारू तळाशी असते, त्यामुळे चुकून दुसऱ्यांदा घातली तरी ती आत मावते. काडतूस बाहेरून तसेच दिसते आणि घोडा दाबला की रायफल फुटते.

तिसरा धोका याच्या उलट आहे. दारू फारच कमी पडली तर गोळी नळीतच अडकते. ते लक्षात न येता पुढची गोळी झाडली तर नळी फाटू शकते. म्हणूनच हे काम अंदाजपंचे करायचे नसते. तपासलेले आकडे, अचूक तराजू आणि प्रत्येक पुंगळीत डोकावून पाहण्याची सवय, या तिन्हींना पर्याय नाही. व्हेलन यांनी १९४९ मध्ये घरी काडतुसे भरण्यावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

हॉर्नेटचा जन्म कसा झाला?

मोठ्या पुंगळीत थोडी दारू ही शेवटी तडजोडच. मग पुंगळीच लहान घेतली तर? १९२० च्या दशकात स्प्रिंगफील्डमध्ये व्हेलन, कॅप्टन ग्रोव्हनर वॉटकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच दिशेने प्रयोग केले. त्यांनी १८८५ च्या काळातील, काळ्या दारूचे एक जुने .२२ काडतूस निवडले आणि त्यात आधुनिक धूरविरहित दारू वापरली. त्यातून ‘.२२ हॉर्नेट’ तयार झाले. हॉर्नेट म्हणजे गांधीलमाशी.

विंचेस्टर कंपनीने १९३० मध्ये ही काडतुसे बाजारात आणली. गंमत म्हणजे काडतूस आधी आले आणि त्यासाठी कारखान्यात बनलेली रायफल नंतर. सुरुवातीच्या हॉर्नेटची गोळी सुमारे २.९ ग्रॅमची होती आणि वेग सेकंदाला साधारण ७३० मीटर. लष्कराच्या .३०-०६ काडतुसाच्या तुलनेत तिची ऊर्जा जेमतेम पाव होती. दणका आणि आवाज कमी, पण छोट्या प्राण्यासाठी पुरेशी ताकद आणि नेम पक्का.

शेवटी काय उरले?

२३ डिसेंबर १९६१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, व्हेलन यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचे ते मोठे काडतूस तोवर फक्त हौशी मंडळी घरी भरत होती. रेमिंग्टनने ते कारखान्यात बनवायला घेतले ते थेट १९८० च्या दशकात.

छोट्या हॉर्नेटला मात्र एवढी वाट पाहावी लागली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी हवाई दलाने निर्जन भागात विमान कोसळल्यास वैमानिकाला तग धरता यावा म्हणून ‘एम४’ ही हलकी रायफल घेतली. तिचे काडतूस होते .२२ हॉर्नेट. जंगलात एकट्या पडलेल्या माणसाला त्या दिवसाचे जेवण मिळावे, एवढेच तिचे काम होते. १९०१ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या जंगलात राहिलेल्या व्हेलन यांना ती गरज कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.