तीन पौंडांचा कर

माझ्या आजोळी माजघरात लोकमान्यांची तसबीर होती. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे नाव निघाले की आजोबा त्यांना नेमस्त ठरवून सुपारी कातरू लागत. त्यामुळे गोखले म्हणजे इंग्रजीत मुद्देसूद भाषणे करणारे एक सौम्य गृहस्थ, एवढीच माझी समजूत. यंदा स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांचे चरित्र वाचावयास घेतले आणि दक्षिण आफ्रिकेच्या प्रकरणापाशी थबकले.

1866 साली रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे जन्म, फर्ग्युसनमधील प्राध्यापकी, भारत सेवक समाजाची स्थापना, हे सारे भगिनींना ठाऊकच आहे. मला सांगावयाचे आहे ते परमुलखी राबायला गेलेल्या आपल्या मजुरांविषयी.

आफ्रिकेतील नाताळ प्रांताच्या ऊसमळ्यांवर पाच वर्षांच्या कराराने आपली माणसे नेत. त्या कराराला हे लोक गिरमिट म्हणत. मुदत संपल्यावर जो मजुरीचा नवा करार न करता तेथे राहील, त्याला दरसाल 3 पौंड कर. तो 16 वर्षांवरील मुलाला आणि 13 वर्षांवरील मुलीलाही लागू! नवरा, बायको व दोन मोठी मुले म्हणजे 12 पौंड, अर्थात 240 शिलिंग. आणि गिरमिटात पाचव्या वर्षी मजुरी किती, तर महिना 14 शिलिंग. घरखर्चाची वही लिहिणाऱ्या बाईला हा हिशेब समजावून सांगायला नको.

गोखल्यांनी 1910 च्या फेब्रुवारीत कायदेमंडळात ठराव मांडला आणि पुढल्या वर्षी नाताळची मजूरभरती बंद झाली. 1912 साली सर्वच वसाहतींसाठी मांडलेला ठराव मात्र फेटाळला गेला. त्याच वर्षी, मधुमेहाने खंगलेले असताना, ते आफ्रिकेला गेले. तेथे कोकणी मुसलमान पुष्कळ, म्हणून गांधीजींच्या आग्रहावरून ते मराठीत बोलत आणि गांधीजी हिंदुस्थानीत सांगत. न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेले उपरणे ते जिवापाड जपत. त्याला इस्त्री केली तीही गांधीजींनीच.

प्रिटोरियात बोथा व स्मट्स या मंत्र्यांना भेटून, कर जाणार या भरवशावर ते परतले. 1913 साली तेथील सरकारने असे वचन दिलेच नसल्याचे सांगितले. माझ्या मते लेखी घ्यावयास हवे होते. सज्जन माणूस दुसऱ्याच्या शब्दावर विसंबतो, आणि भोगावे लागते ते गरिबाला.

मग ट्रान्सवालमधील बायका न्यूकॅसलच्या कोळशाच्या खाणींवर गेल्या, मजुरांना त्यांनी काम सोडावयास सांगितले आणि स्वतः तुरुंगात गेल्या. वल्लीअम्मा नावाची सोळा वर्षांची पोर तुरुंगातून ताप घेऊन आली ती वाचली नाही. संपकरी कुटुंबांना अन्न मिळावे म्हणून इकडे आजारी गोखले पैसा गोळा करून धाडीत होते.

1914 साली कर रद्द झाला. 19 फेब्रुवारी 1915 रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, गोखले पुण्यात वारले. इतर वसाहतींची गिरमिट भरती थांबली ती 1917 साली.