विश्लेषण : ना. वा. टिळकांच्या आयुष्यात बाप्तिस्म्याचे पाणी एवढे महत्त्वाचे का ठरले?

१० फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला. विधी काही मिनिटांचा, पण त्यानंतर त्यांची पत्नी आणि लहानगा मुलगा चार-पाच वर्षे त्यांच्यापासून दूर राहिले. त्यांची ख्रिस्तावर श्रद्धा त्याआधीच बसली होती. मग श्रद्धेने जे घडले नाही, ते पाण्याने कसे घडले? आणि याच टिळकांनी आयुष्याच्या शेवटी बाप्तिस्मा न घेतलेल्यांसाठी दार का उघडले?

हे टिळक कोण?

लोकमान्य नव्हेत. आडनाव तेच, जात तीच आणि जिल्हाही रत्नागिरीच, त्यामुळे आजही अनेकांचा गोंधळ होतो. नारायण वामन टिळकांचा जन्म 1861 मध्ये कोकणातल्या करजगावचा. आई जानकीबाई भाविक, वडील तापट. आई लवकर गेली आणि मुलगा घर सोडून नाशिकला आला. संस्कृत शिकला, कविता करू लागला. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी लग्न झाले. त्याच पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक.

टिळकांचे एका जागी बूड टिकत नसे. शिक्षकी, कीर्तन, पुराण, संपादन असे सगळे करून झाले. नागपूरला अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी ‘ऋषि’ नावाचे मासिक चालवले. जातिभेदाने देश पोखरला आहे, हे त्यांचे मत तेव्हाच पक्के झाले होते.

1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांच्या गप्पा झाल्या. त्याने हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांना ते पटले नाही, पण पुस्तक त्यांनी वाचले. येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर ते त्यांना खाली ठेववेना. पुढे त्यांनी मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला, निनावी लेखही लिहिले. घरात मात्र याची स्पष्ट वाच्यता नव्हती.

बाप्तिस्मा म्हणजे नेमके काय?

शब्द मूळचा ग्रीक, अर्थ बुडवणे. योहान यार्देन नदीत लोकांना पश्चात्तापाचे स्नान घालत असे आणि येशूनेही त्याच्याकडून ते घेतले, असे शुभवर्तमाने सांगतात. पुढे पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देणे ही चर्चची रीत झाली.

त्याचे अर्थ एकाहून अधिक आहेत. एक धुण्याचा : पापाची क्षमा. दुसरा मरणाचा, आणि तो जास्त खोल आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो की, पाण्यात जाणे म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे आणि बाहेर येणे म्हणजे नव्या जीवनात उठणे. तिसरा अर्थ प्रवेशाचा. या विधीनंतर माणूस मंडळीचा सभासद होतो, प्रभुभोजनात सहभागी होण्याचा मार्ग त्याला खुला होतो.

पाणी किती, यावर पंथांत वाद आहे. बॅप्टिस्ट पूर्ण बुडवतात, तेही कळत्या वयात. कॅथलिक तान्ह्या मुलांच्या डोक्यावर पाणी ओततात. मराठी कॅथलिक त्याला स्नानसंस्कार म्हणतात. टिळक ज्या अमेरिकन मराठी मिशनशी जोडले गेले, तिथेही बालकांना बाप्तिस्मा दिला जाई. नदी हवीच असा आग्रह नसे.

नुसत्या श्रद्धेवर का भागले नाही?

एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ताबद्दल आदराने बोलणारे हिंदू सुशिक्षित थोडे नव्हते. ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन ख्रिस्तावर व्याख्याने देत, पण त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. बायबल वाचणाऱ्याला समाज नावे ठेवी; वाळीत टाकण्याची वेळ येई ती बाप्तिस्म्यानंतर. कारण मनातली श्रद्धा दिसत नाही, बाप्तिस्मा चारचौघांत होतो. शिवाय त्यानंतर मंडळीच्या पंगतीत कुणाच्याही शेजारी बसणे आले. म्हणजे धर्मशास्त्रातला प्रवेशाचा अर्थ इथे जात सोडण्याचा अर्थ झाला. पौलाने सांगितलेले मरण टिळकांच्या नातलगांनी अक्षरशः घेतले : त्यांच्या लेखी माणूस गेला.

1850 च्या कायद्याने धर्मांतरितांचा वारसा हक्क शाबूत ठेवला होता. धर्मांतरामुळे जोडीदार नांदायला तयार नसेल, तर 1866 च्या कायद्यानुसार विवाह मोडून घेता येई. टिळकांनी ती वाट धरली नाही. ते वाट पाहत राहिले, पत्रे आणि कविता लिहीत राहिले.

पत्नीचा प्रवास वेगळा कसा?

या काळात लक्ष्मीबाई नातलगांच्या आश्रयाने पंढरपूरला राहिल्या. अखेर नगरला पतीजवळ आल्या, त्या सोवळे-ओवळे आणि वेगळी चूल सांभाळतच. टिळकांनी सक्ती केली नाही. जात देवाने नव्हे, माणसाने केली, असे स्वतःच्या मनाला पटल्यावर लक्ष्मीबाईंनी आधी खाण्यापिण्याचा विटाळ सोडला. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 मध्ये. कुणाच्याही हातचे पाणी पिणे त्यांना बाप्तिस्म्याच्या पाण्याहून अवघड गेले असावे, असे ‘स्मृतिचित्रे’ वाचताना वाटते.

पंडिता रमाबाईंचा अनुभवही याच्याशेजारी ठेवण्यासारखा. त्यांनी 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. मात्र आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त नंतर भेटला, असे त्यांनी पुढे सांगितले. विधी आणि अनुभव एकाच दिवशी येतात असे नाही.

‘देवाचा दरबार’ कशासाठी?

नगरला टिळकांनी धर्मशिक्षण देणाऱ्या शाळेत शिकवले, 1904 मध्ये त्यांना दीक्षा मिळून ते रेव्हरंड झाले, 1912 पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन केले. बालकवी त्यांच्या घरी राहून गेले. ख्रिस्ताची भक्ती त्यांनी अभंगात, तुकारामांच्या वळणाने गायली आणि ती मराठी चर्चमध्ये आजही गायली जाते.

पण एक गोष्ट त्यांना खुपत राहिली. बाप्तिस्मा घेणारा परक्या मिशनच्या आवारात जाऊन बसतो आणि आपल्याच लोकांना परका होतो. प्रवेशाचे दार बाहेर काढण्याचे दार ठरत होते. 1917 मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही तिथे ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र येऊ शकत होते. स्वतःचा बाप्तिस्मा त्यांनी नाकारला नाही, विधी निरर्थक आहे असेही म्हटले नाही. शिष्य कोण, हे पाण्यावरून ठरवायला मात्र ते आता तयार नव्हते. बाप्तिस्म्याची किंमत संसाराने मोजलेल्या माणसाने हे करावे, याला वजन होते. जुन्या ख्रिस्ती सहकाऱ्यांना ते सहज पचणारे नव्हते.

दरबाराला जेमतेम दोन वर्षे मिळाली. 9 मे 1919 रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले आणि त्यांच्यामागे दरबार फार काळ टिकला नाही. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.